सतरा पातळ घड्याळं

माझा मामा एरवी कमी बोलायचा, पण एकदा सुरू झाला की समोरचा माणूस हळूच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागायचा. मामाला त्याचं वाईट वाटत नसे. उलट बोलणं मध्येच तोडून तो विचारायचा, "कसं वाटलं?" कारण ते घड्याळही त्यानेच केलेलं असायचं.

तो आईचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही. माझे वडील गेले तेव्हा मी शाळेत होते. एक ट्रंक आणि दोन पेट्या अवजारं घेऊन तो महिनाभरासाठी म्हणून आमच्याकडे आला आणि राहूनच गेला. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची काचा लावून बंद केलेली गॅलरी, एवढंच आमचं घर. गॅलरी त्याची झाली. तिथे त्याचं टेबल, मान वाकवता येणारा दिवा, डाग द्यायची, कानशीने घासून टोकदार केलेली तापती सळई आणि भिंतभर औषधांच्या बाटल्यांतले स्क्रू. आईने कपडे वाळत घालायला जागा मागितली की तो म्हणायचा, "ताई, आज नको, आज कथील वितळतंय." असं कथील वर्षानुवर्षं वितळत राहिलं आणि आमचे कपडे स्वयंपाकघरातच वाळले.

मामा मोठ्या वजनकाट्यांच्या कारखान्यात होता. अख्खा ट्रक वर उभा करून तोलतात, तसले काटे. तो तपासणी विभागात. तिथली जुनी मोजमापाची यंत्रं आकडे दाखवायची ती काचेच्या नळ्यांमधून. अंगठ्याएवढी एक नळी, आत बारीक तारेचे दहा अंक, शून्यापासून नवापर्यंत, एकामागे एक उभे केलेले. ज्या अंकाला वीज मिळेल तो निखाऱ्यासारखा नारिंगी पेटतो आणि बाकीचे नऊ त्याच्या मागेपुढे सावलीसारखे उभे राहतात. नवी यंत्रं आली तेव्हा जुनी भंगारात निघाली. मामाने भंगारवाल्याच्या गाडीत चढून, परवानगी काढून, दोनशेच्या वर नळ्या उपटून आणल्या. त्या आता कुठे बनत नाहीत हे त्याला ठाऊक होतं. त्या नळ्यांची तो घड्याळं करू लागला.

अशा घड्याळांचे वेडे असतात हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रंगाच्या दुकानावरच्या एका हॉलमध्ये ही मंडळी जमायची. एकाचं घड्याळ वेळ फक्त शब्दांत सांगायचं. एकाच्या घड्याळावर नुसते ठिपके, त्यांची बेरीज केली तर वेळ कळणार. एकाने जुन्या कॅल्क्युलेटरच्या हिरव्या नळ्या लावलेल्या. एकाने गोल पडद्यावर उजेडाचेच काटे काढलेले. जितकं वाचायला अवघड तितकं भारी, असा तिथला हिशेब. आणि वेळ बघायला प्रत्येकाच्या मनगटावर साधं घड्याळ होतंच. मामा पहिल्यांदा आपलं घड्याळ घेऊन गेला तेव्हा हॉलमधले दिवे घालवून ते बघितलं गेलं. त्या दिवसापासून तो त्यांचा 'मास्तर' झाला. कारखान्यात सव्वीस वर्षांत त्याला कोणी मास्तर म्हटलं नव्हतं.

मंडळींत सगळ्यात वजनदार माणूस म्हणजे दातांचे एक डॉक्टर. त्यांच्या घरी एक खोलीच घड्याळांची होती. त्यांना मामाची घड्याळं आवडायची, पण एक तक्रार होती.

"मास्तर, वरचं काम सोन्यासारखं आहे. पण हा खालचा ठोकळा! असं वाटतं, राणीला बाकावर बसवलंय."

ठोकळा असण्याला कारण होतं. त्या नळ्या साध्या बॅटरीवर पेटत नाहीत, त्यांना चांगली जोराची वीज लागते. भिंतीतली वीज सरळ आत घ्यायची नाही, मध्ये ट्रान्सफॉर्मर घालायचा, म्हणजे ती वीज आणि माणसाचा हात यांच्यामध्ये आडभिंत राहते. ट्रान्सफॉर्मर जाड, म्हणून तळ जाड. मामाने हे समजावून सांगितलं. डॉक्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं हसून म्हणाले, "जाऊ द्या, मास्तरांना नाही जमायचं ते."

एवढंच वाक्य. मामा घरी आला तो जेवला नाही. सहा आठवड्यांनी त्याने जे घड्याळ केलं ते मी विसरणार नाही. बोटभर जाडीची लांब पितळी पट्टी, आरशासारखी घासलेली, आणि तिच्यातून उगवल्यासारख्या सहा उघड्या नळ्या. ठोकळा नाही, पेटी नाही, काही नाही. मागून केसासारखी बारीक वायर आणि दोन पिनांचा छोटा प्लग.

मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते. यंत्रांशी माझा रोजचा संबंध. मी विचारलं, "मामा, यात ट्रान्सफॉर्मर कुठंय?"

"नाही."

"मग वीज सरळ आत?"

"आत. पट्टीला नाही. पट्टी आणि तारा यांच्यामध्ये चार वॉशर आहेत, फायबरचे. बघ." त्याने नखाएवढी तपकिरी चकती दाखवली.

"आणि अर्थिंग?"

"तीन पिनांची वायर जाड असते गं. सगळी शोभा जाईल."

मी पुढे बोलले नाही. हे मी मुद्दाम लिहितेय. मी पुढे बोलले नाही.

रविवारी हॉलमध्ये डॉक्टरांनी उठून टाळ्या वाजवल्या. ते पहिलं घड्याळ त्यांनीच नेलं. मग सगळ्यांनाच तसं पातळ हवं झालं. तीन वर्षांत मामाने तशी सतरा केली.

चौथ्या वर्षी एका मंगळवारी दुपारी डॉक्टर आमच्या दारात आले. ते याआधी कधी घरी आले नव्हते. हातात अंघोळीच्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. माझी त्या दिवशी सुट्टी होती, मीच दार उघडलं. त्यांच्या शर्टाची बटणं उलटसुलट लागलेली होती.

मामा गॅलरीतून आला. डॉक्टरांनी टॉवेल टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांच्याकडे अकरा वर्षं घरकामाला येणाऱ्या एक बाई होत्या. घरातले सगळे त्यांना मावशी म्हणायचे. काल सकाळी त्यांनी त्या खोलीची फरशी पुसली आणि ओल्या हाताने फडताळावरचं घड्याळ उचलून बाजूला ठेवायला गेल्या. डॉक्टरांना पलीकडच्या खोलीत बादली उलटल्याचा आवाज आला. ते धावले तेव्हा बाई पाण्यात पडलेल्या होत्या आणि पट्टी अजून मुठीत होती. डॉक्टरांनी प्लग ओढला. छाती दाबली, सगळं केलं. उपयोग झाला नाही.

"आज सकाळी त्यांना नेलं. सगळं उरकलं," ते म्हणाले. "माझ्या एका मित्राने दाखला दिला. हृदय बंद पडलं म्हणून. खोटं नाही ते. हृदयच बंद पडतं शेवटी."

मामाने टॉवेल उलगडला. पट्टीवर बोटांचे ठसे तसेच होते. त्याने स्क्रू काढले, तळ उघडला आणि भिंग डोळ्याला लावलं. फार वेळ लागला नाही. तिसरा वॉशर उष्णतेने वाळून मधोमध तडकला होता आणि तार पितळेला टेकली होती.

"किती दिवसांपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"सांगता येत नाही. आठवडा. महिना."

"मी रोज हात लावतो हो त्याला."

"तुमच्या पायात चपला असतात. हात कोरडे असतात."

डॉक्टर खुर्चीत बसले. आईने पाणी आणून दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, हे फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. हे इथेच मोडून टाका. त्यांच्या घरच्यांना मी वाऱ्यावर सोडणार नाही. पण हे बाहेर गेलं तर तुम्हीही जाल आणि मीही."

 मामाचं लक्षच नव्हतं. तो बोटांवर काहीतरी मोजत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अगं, बाकीची सोळा चालू आहेत."

घड्याळ कोणाकडे गेलं हे तो एका वहीत लिहून ठेवायचा. डॉक्टर जायच्या आत त्याने फोन लावायला सुरुवात केली होती. प्रत्येकाला एकच वाक्य, "प्लग काढा, पट्टीला हात न लावता प्लग काढा, मी न्यायला येतो." मी सुट्टी वाढवून घेतली आणि माझ्या स्कूटरवर आम्ही दोघं घरोघर हिंडलो. तो मागे बसायचा, मांडीवर पुठ्ठ्याचं खोकं.

पहिल्या आठवड्यात नऊ घड्याळं आली. संगीत शिकवणारे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी तर घड्याळ खोक्यात घालून, दोरी बांधून दारातच ठेवलेलं. काय झालं हे विचारलंही नाही. म्हणाले, "तुम्ही म्हणता ना, मग बास." दुसऱ्या एका घरी मालक वारलेले. त्यांच्या बायकोने घड्याळ आढ्याला लागेल एवढ्या उंचीवर लावून ठेवलं होतं.

"ते गेले तेव्हापासून मी ते बंद केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "हे नेलंत तर त्या कोपऱ्यात मी काय बघू?"

मामा घरी आला, आपल्या टेबलावरचं पहिलं, जाड ठोकळ्याचं घड्याळ उचललं आणि त्यांच्याकडे नेऊन लावून दिलं. त्या थोडा वेळ बघत राहिल्या. "आकडे तेच आहेत," म्हणाल्या आणि खालचा स्टूल धरून राहिल्या, पातळ घड्याळ उतरवेपर्यंत.

सगळे असे नव्हते. मामा लोकांना एवढंच सांगायचा की दोष सापडलाय, धोका आहे. कोणी म्हणालं, आम्ही हातमोजे घालून पुसतो. कोणी म्हणालं, पुढच्या रविवारी बघू. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका गृहस्थांनी तर आम्हाला दारातच उभं केलं. त्यांच्या मागे, बैठकीच्या खोलीत, लहान मुलाच्या हाताला येईल एवढ्या उंचीच्या टेबलावर ते घड्याळ पेटलेलं दिसत होतं.

"मास्तर, तुम्ही याला पेटीत घालणार, हो ना? नाही देत मी. इतकं देखणं काम आहे, तुम्हालाच त्याची किंमत नाही."

"बंद तरी करा."

"अहो, तुम्हीच केलंय ना? एवढाही विश्वास नाही तुमचा स्वतःवर?"

मामाच्या हातातलं खोकं खाली पडलं. तो म्हणाला, "एक बाई मेली याने. माझ्या हातच्या कामाने मेली."

तो माणूस मागे सरला. आत जाऊन त्याने प्लग काढला आणि घड्याळ वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दिलं. मामाच्या डोळ्यांकडे त्याने बघितलं नाही.

त्यानंतर मामा सगळीकडे तेच सांगू लागला आणि घड्याळं पटापट येऊ लागली. पण हॉलमधल्या मंडळींत बातमी फिरायला किती वेळ लागणार? तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. मी शेजारीच होते, त्यांचा आवाज मला ऐकू येत होता.

"मास्तर, तुम्ही मला बुडवताय."

"मी तुमचं नाव घेतलं नाही."

"नाव घ्यायला कशाला हवं? कोणाच्या घरची बाई गेली हे सगळ्यांना माहीत आहे!"

"खरं आहे," मामा म्हणाला. "सगळ्यांना माहीत आहे. फक्त तिच्या घरच्यांना नाही."

फोन ठेवल्यावर आईने कपाळाला हात लावला. तिने त्याला लहानपणापासून ओळखलेलं, पुढे काय होणार हे तिला माझ्या आधी कळलं. "तू तिकडे जाणार आहेस," ती म्हणाली. "अरे, तुझ्या जाण्याने ती बाई परत येणार आहे का? झालं ते झालं. घड्याळं गोळा केलीस ना? आता तोंड बंद ठेव. माझ्यासाठी ठेव."

"ताई, तुझ्यासाठी काहीही करीन. हे नको मागू."

आईने त्या दिवशी त्याचं ताट वाढलं नाही. उभ्या आयुष्यात तसं एकदाच झालं.

मावशींचं घर बसच्या गॅरेजच्या मागच्या गल्लीत होतं. नवरा गॅरेजमध्ये बस धुवायचा. थोरली मुलगी लाँड्रीत कामाला, बाविसेक वर्षांची. एकच खोली, पडदा लावून दोन केलेली. मी मामाबरोबर गेले होते. नवरा पलंगाच्या कडेला बसून होता आणि आम्ही कोण हे न विचारताच बोलायला लागला. तो आल्यागेल्याला तेच सांगत असणार.

"मला म्हणाली होती ती. जिना चढताना धाप लागते म्हणाली. मी म्हटलं, दोन दिवस थांब, पगार झाल्यावर दाखवू. दोन दिवस थांब म्हटलं मी तिला. तेव्हाच नेलं असतं तर..."

मुलगी म्हणाली, "बाबा, पुरे." ती आमच्याकडे वळली. "आठ दिवस असंच चाललंय. झोपत नाहीत. तुम्ही कोण?"

मामा उभाच होता. तो म्हणाला, "तिच्या हृदयाला काही झालं नव्हतं. तुम्ही चुकला नाहीत." मग त्याने सगळं सांगितलं. वॉशर, पट्टी, दोन पिनांचा प्लग. एकही गोष्ट गाळली नाही. ट्रान्सफॉर्मर का काढला हेही सांगितलं, कोणीतरी जमणार नाही म्हणालं म्हणून.

नवऱ्याला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो उठला आणि मामाच्या तोंडात मारली. उघड्या हाताने, एकच. मग मामानेच त्याला धरून पलंगावर बसवलं. तो रडायला लागला, तसा तो आठ दिवसांत रडला नसावा.

मुलगी रडली नाही. तिने विचारलं, "तिला दुखलं का?"

मला वाटलं, आता तरी मामा खोटं बोलेल. तिने त्याच्याकडे बघितलं होतं तेही तसंच, खोटं बोला म्हणून.

"दुखलं असणार," मामा म्हणाला. "थोडा वेळ. हात सोडवता येत नाही त्यात."

ती उठली. मग चप्पल घालत म्हणाली, "हे सगळं पोलिसांसमोर बोलाल?"

"चला," मामा म्हणाला.

चौकीवरच्या साहेबांना आधी वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. प्रेत नव्हतं, दाखल्यावर भलतंच कारण, तक्रार करणारी आणि आरोपी एकाच बाकावर शेजारी शेजारी बसलेले. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांनी सांगितलं नसतं तर आमच्या हाती काही नव्हतं, कळतंय ना तुम्हाला?" मला कळत होतं. मामालाही कळत होतं.

खटला वर्षभर चालला. आमच्या वकिलांनी बाजू तयार केली होती, वॉशर बनवणाऱ्याचा दोष. मामाने कोर्टात उठून सांगितलं की वॉशर चांगले होते, पण ते असल्या कामासाठी नव्हतेच. वकिलांनी हात टेकले. डॉक्टरांनी साक्ष दिली आणि ती खरी दिली, हेही सांगायला हवं. दाखला देणाऱ्या त्यांच्या मित्राची नोकरी गेली. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि ते कुठे गेले आम्हाला कळलं नाही. मामाला नऊ महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा तो चौसष्ट वर्षांचा होता.

तो आत असताना एका शनिवारी मावशींची मुलगी आमच्याकडे आली. आई दार लावून घेईल अशी मला भीती होती, पण आईने तिला आत घेतलं, चहा टाकला. मुलगी चहाला शिवली नाही. म्हणाली, "मला ते बघायचंय."

डॉक्टरांचं घड्याळ सरकारजमा होतं. पण गोळा केलेली गॅलरीत ट्रंकेत होती, वायरी कापलेली. मी एक काढून तिच्यासमोर ठेवलं. तिने ते उचललं नाही. वाकून, हात पाठीमागे बांधून, बघत राहिली. पितळ काळवंडायला लागलं होतं. न पेटलेल्या नळ्यांमधले अंक जाळीसारखे एकमेकांत गुंतलेले दिसत होते.

"एवढंसंच?" ती म्हणाली.

"हो."

"हे बघायला माणसं जमायची?"

"हो. दर महिन्याला."

"माझी आई याला काय म्हणायची सांगू? साहेबांची शेगडी. संध्याकाळी फार बरं दिसतं म्हणायची." तिने मान वर केली. "मी समजत होते खरंच शेगडी आहे."

आई तोंडाला पदर लावून आत गेली. मुलगी आणखी थोडा वेळ थांबली आणि निघाली. ती पुन्हा आली नाही. येण्यासारखं काही नव्हतंही.

मामा सुटून आला तो अर्धा होऊन. आतल्या ओलीने छाती धरली होती आणि उजव्या हाताला कंप सुटला होता. डाग द्यायला त्याने पुन्हा बसून बघितलंही नाही. आई गॅलरीत कपडे वाळत घालू लागली आणि तो त्या ओल्या कपड्यांखाली खुर्ची टाकून बसायचा. हॉलमधलं कोणी फिरकलं नाही, फक्त ते संगीतवाले म्हातारे पंधरा दिवसांनी यायचे. दोघं काही बोलायचे नाहीत. म्हातारे टेबलावर बोटांनी ताल धरायचे, तासाभराने उठून जायचे.

मामाचं एक काम मात्र बाकी राहिलं होतं. सोळापैकी पंधरा घड्याळं हाती आली होती. सोळावं ज्याने नेलं त्याने ते इंटरनेटवर कोणाला तरी विकलं होतं, त्याने पुढे आणखी कोणाला. तिथून माग तुटला. देशाबाहेर गेलं एवढंच कळलं. मामा मला सांगायचा आणि मी टाइप करायचे. जगभरातले घड्याळवेडे जिथे जिथे जमतात त्या सगळ्या पानांवर, दर महिन्याला, फोटो लावून. सहा नळ्या, पितळी पट्टी, खाली कोरलेला क्रमांक अकरा. हे तुमच्याकडे असेल तर चालू करू नका, एका बाईचा जीव गेला आहे, खर्च माझा, परत पाठवा.

उत्तरं यायची. बहुतेक लोक विचारायचे, असलं दुसरं विकत मिळेल का? बाईचा जीव गेला हे वाचूनच काहींना ते जास्त हवं झालेलं. एकाने तर लिहिलं, त्या मूळच्या घड्याळाला मी वाटेल ते देईन. मी ही उत्तरं मामाला वाचून दाखवणं बंद केलं. "काही आलं?" तो विचारायचा. मी म्हणायचे, "नाही." त्याच्याशी मी बोललेलं तेवढंच खोटं.

दुसऱ्या हिवाळ्यात न्यूमोनियाने तो गेला. माझ्याच इस्पितळात. शेवटच्या दोन दिवसांत त्याला भास व्हायचे, तो खाटेशेजारच्या यंत्राकडे बोट करून नर्सला सांगायचा, "याचं अर्थिंग बघून घ्या." नर्स बिचारी प्रत्येक वेळी वाकून बघायची आणि म्हणायची, "आहे, काका, आहे." तेवढ्याने तो शांत व्हायचा.

आईने ती पंधरा घड्याळं हातोडीने फोडू दिली नाहीत, विकूही दिली नाहीत. शेवटी मी एका सुट्टीत बसून त्यांचे भाग सुटे केले. पितळ भंगारात दिलं. काही नळ्यांत पारा असतो, त्या इस्पितळाच्या पाऱ्याच्या कचऱ्यात रीतसर नोंद करून टाकल्या. क्रमांक अकराची सूचना मात्र मी अजून दर महिन्याला टाकते. लिहिणाऱ्याच्या जागी आता माझं नाव असतं.

गेल्या वर्षी दूरच्या कुठल्याशा देशातून एकाने फोटो पाठवला. हेच का ते?  मोठा करून बघितलं. नळ्या तशाच, पट्टी तशीच पातळ, पण क्रमांक नव्हता आणि स्क्रू वेगळे होते. ते दुसऱ्याच कोणीतरी केलेलं होतं. मामाचं बघून केलं असेल, किंवा आपलं आपण सुचलं असेल. मागे भिंतीत प्लग दिसत होता. दोन पिनांचा.

मी लगेच त्याला सगळं लिहून कळवलं. त्याने आभार मानले. घड्याळ बंद केलं की नाही, ते त्याने लिहिलं नाही. मी पुन्हा विचारलं आहे.